काही पडकी मैदाने

मराठी माणसाला पडझड पाहण्याची हौस जुनी आहे. गड, लेणी, बारवा, वाडे, समाध्या ह्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, अजून लिहिले जाते, आणि एखाद्या बुरुजाचा चिरा निखळला तर हळहळणारी माणसे गावोगाव भेटतात. परंतु ज्या मैदानावर वीस-पंचवीस वर्षे दर पावसाळ्यात फुटबॉलचे सामने झाले, ज्याच्या कडेला चारपाचशे माणसे छत्र्या घेऊन उभी राहत असत, ते मैदान मोडले तर त्यालाही पडझड म्हणावे हे कुणाला सुचत नाही. ह्याचे एक कारण उघड आहे. मैदानाला पडण्यासारखे फारसे काही नसतेच. मैदान मुळात रिकामेच असते, आणि ते मोडते तेव्हा ते निराळ्या रीतीने रिकामे होते, इतकेच. गवत वाढते, चुन्याच्या रेषा नाहीशा होतात, जाळी अडकवण्याचे हुक गंजतात. शेवटी उरतो तो लोखंडी पाइपांचा एक आयत : आठ यार्ड रुंद, आठ फूट उंच.

गेली बारा-पंधरा वर्षे मी सवडीने असे आयत पाहत हिंडतो आहे. छंद म्हणावा इतका त्यात नेम नाही, आणि अभ्यास म्हणावा इतकी शिस्त तर मुळीच नाही. कामानिमित्त एखाद्या गावी गेलो, त्या गावात रेल्वेची वसाहत किंवा जुना कारखाना असला, की संध्याकाळी पाय तिकडे वळतात. ह्या ओढीचा उगम मात्र मला नेमका ठाऊक आहे, तो वरणगावात आहे.

जळगाव जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला वरणगाव ठाऊक असण्याचे कारण नाही. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे एक स्टेशन, मुंबई-कोलकाता महामार्गावरचे एक गाव. आसपास केळीचे मळे, थोड्या अंतरावर तापीवरचे हतनूरचे धरण, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या वर चढणारे ऊन. चीनच्या युद्धानंतर, १९६४ साली, येथे बंदुकीच्या गोळ्या बनवणारा सरकारी आयुधनिर्माणी कारखाना उभा राहिला. (भुसावळचा त्याहून जुना, १९४९ सालचा.) कारखान्याबरोबर वसाहत आली, वसाहतीबरोबर शाळा, दवाखाना, दुकाने आणि मैदान. कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळे लावणाऱ्या त्या वसाहतीत माझे बालपण गेले. वडील तेथे कामगार होते, आणि कामगार असण्याच्या बरोबरीने ते कारखान्याच्या संघाचे लेफ्ट बॅक होते.

ते लेफ्ट बॅक कसे झाले, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. आमचे मूळ गाव वसाहतीपासून फार दूर नाही. तेथे आजोबांची काळी जमीन होती, कपाशी होती, आखाजीला झोके बांधण्याचे निंबाचे झाड होते. खेळ म्हणाल तर आट्यापाट्या आणि यात्रेतली कुस्ती. फुटबॉल नावाची वस्तू त्या गावाने पाहिलेली नव्हती. वडिलांच्या पायात बूट आले तेच नोकरी लागल्यावर. आयुधनिर्माणी कारखान्यांचा मुख्य कारभार त्या काळी कलकत्त्याहून चाले, आणि वसाहतीत बंगाली कुटुंबे बरीच होती, त्यांच्या जोडीला मल्याळी. पावसाळा सुरू झाला की ही मंडळी संध्याकाळी चेंडू घेऊन बाहेर पडत. एकदा त्यांना एक माणूस कमी पडला, आणि कडेला उभ्या असलेल्या धिप्पाड शेतकरीपुत्राला त्यांनी आत ओढले. 'नुसते उभे राहा, कुणाला पुढे जाऊ देऊ नका,' एवढेच प्रशिक्षण. पुढे अकरा वर्षे वडील तेच करीत राहिले. आजोबांना हे कळले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारल्याचे घरात सांगत : 'चेंडूमागं पळायचा पगार येगळा देतात का?'

प्रश्न हसण्यासारखा असला तरी चुकीचा नव्हता. उलट, इतक्या वर्षांनंतर मला वाटते की ह्या सगळ्या मैदानांच्या जन्माचे आणि मरणाचे मर्म त्या प्रश्नातच आहे. चेंडूमागे पळण्याची सोय मालक का करून देत होता?

१९४८च्या कारखाना कायद्याने मालकावर बरीच बंधने घातली होती. अडीचशेंहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह, विश्रांतीची जागा, पाळणाघर, पिण्याचे पाणी, थुंकदाण्यासुद्धा. मैदान मात्र त्या यादीत नव्हते. म्हणजे मैदान हा कामगाराचा हक्क कधीच नव्हता. ती मालकाची मर्जी होती. ही मर्जी कधी खरोखर मायेची असे, कधी धोरणी असे. (दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात माणूस गुत्त्यात गेला काय किंवा युनियनच्या सभेत गेला काय, व्यवस्थापनाला दोन्ही गैरसोयीचेच.) हेतू काहीही असो, कामगाराची संध्याकाळ हीदेखील आपली बाब आहे असे मानणारा मालक विसाव्या शतकात जगभर होऊन गेला. त्याने मैदाने बांधली. पुढे त्या मालकाचे मत बदलले, किंवा मालकच राहिला नाही, आणि मैदाने मागे उरली.

युरोपात अशी मैदाने पाहत फिरणे हा रूढ छंद आहे. त्याला तिकडे ग्राउंडहॉपिंग म्हणतात. त्या मंडळींनी काढलेली पोलंडमधल्या खालच्या श्रेणीच्या क्लबांची छायाचित्रे पाहत मी अनेक रात्री घालवल्या आहेत. सिमेंटच्या पायऱ्यांच्या फटींतून वर आलेली बर्चची रोपे, रंग उडालेली लाकडी बाके, गुणफलकावर अडकून पडलेला एखादा आकडा. पोलंडला मी कधी गेलेलो नाही, परंतु तिथल्या क्लबांच्या नावांचे अर्थ कळले तेव्हा मला एकदम भुसावळचे प्लॅटफॉर्म दिसू लागले. गुर्निक म्हणजे खाणकामगार. हुत्निक म्हणजे पोलादकामगार. कोलेयाश म्हणजे रेल्वेवाला. कम्युनिस्ट राजवटीत क्लब खात्यांना जोडलेले होते : खाणींचे, रेल्वेचे, लष्कराचे, पोलिसांचे. पोझनानचा लेख हा नामांकित क्लब मुळात रेल्वेवाल्यांचा, आणि त्याचे चाहते त्याला आजही त्याच नावाने हाक मारतात. बितोम शहरातला शोंब्येर्की हा खाणकामगारांचा क्लब १९८० साली चक्क राष्ट्रीय विजेता ठरला होता. १९८९ नंतर खाणी बंद पडत गेल्या आणि क्लब पायरीपायरीने खालच्या श्रेण्यांत उतरला. क्राकुफजवळ पोलादाच्या कारखान्यासाठी वसवलेल्या नोवा हुताचा हुत्निक १९९६ साली युरोपीय स्पर्धेत मोनाकोशी खेळला, आणि नंतर तोही खाली गेला. वॉर्सातले 'दशकपूर्ती' स्टेडियम तर युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहराच्या मलब्यावर १९५५ साली उभे केलेले. राजवट बदलल्यावर त्याच्या कड्यांवर प्रचंड बाजार भरू लागला, आणि पुढे ते पाडून त्याच जागी २०१२च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी नवे राष्ट्रीय स्टेडियम आले. मलब्यावर मैदान, मैदानावर बाजार, बाजारावर पुन्हा मैदान. आपल्याकडे हा क्रम दुसऱ्या टप्प्यावर थांबतो, असे कुणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही.

ह्या छायाचित्रांबद्दल एक अढीही माझ्या मनात आहे. पायरीच्या फटीतले रोपटे पाहुण्याला सुंदर दिसते. त्या पायरीवर ज्याचा बाप बसत असे त्याला ते तसे दिसत असेल का? वेरूळ पाहताना हा प्रश्न पडत नाही, कारण तिथल्या पाथरवटाचा नातू आपल्या शेजारी उभा नसतो. अशा मैदानांचे वारस मात्र जिवंत असतात, चारशे पावलांवर राहत असतात, आणि बहुधा त्यांना कुणी काही विचारलेले नसते.

भुसावळला मी विचारत फिरलो. जंक्शनच्या गावाची घडण वेगळीच. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने एकोणिसाव्या शतकात हे गाव जवळजवळ रचले, असे म्हणावे लागेल : यार्ड, लोको शेड, रुंद रस्ते, कौलारू बंगले, चर्चे, आणि इन्स्टिट्यूट. रेल्वेच्या मोठ्या गावांत अशा इन्स्टिट्यूटही पुष्कळदा दोन असत, युरोपियनांची निराळी आणि हिंदी नोकरांची निराळी. फुटबॉल, हॉकी, बिलियर्ड्स हे सारे पहिल्या इन्स्टिट्यूटमधून दुसरीत झिरपत आले. अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड आणि फोरमन मंडळी हे खेळ खेळत. स्वातंत्र्यानंतर त्यांच्यातले अनेक जण इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघून गेले आणि त्यांच्या जागा, संघातल्या आणि इंजिनावरच्याही, आपल्या लोकांनी भरल्या. हिंदुस्थानातल्या रेल्वेच्या खेळांची मध्यवर्ती संघटना १९२८ सालची. तिच्या छत्राखाली रेल्वेचा फुटबॉल किती पुढे गेला होता हे आज कुणाला सांगून खरे वाटत नाही. रेल्वेच्या संघाने १९६१-६२, १९६४-६५ आणि १९६६-६७ असा तीनदा संतोष करंडक जिंकला. १९५८ साली कलकत्त्याच्या लीगमध्ये मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन ह्या तिघांनाही मागे टाकून ईस्टर्न रेल्वे पहिली आली. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे नेतृत्व करणारे पी. के. बॅनर्जी हे त्याच ईस्टर्न रेल्वेचे. वर शिखर इतके उंच होते, ते खालच्या पायऱ्या भरलेल्या होत्या म्हणून. प्रत्येक विभागाचा संघ, प्रत्येक शेडचा संघ, पार्सल ऑफिसविरुद्ध कॅरेज-वॅगन असे सामने. ह्या खालच्या पायऱ्यांची नोंद मात्र कुठल्याही ग्रंथात नाही.

रेल्वे वसाहतीच्या कडेच्या एका मैदानावर मला एक निवृत्त फिटर भेटले. वय पंच्याऐंशीच्या आसपास, हातात काठी, सगळी वसाहत त्यांना नाना म्हणते. मैदानाचे कुंपण जुन्या रुळांचे तुकडे उभे पुरून केलेले होते. (रेल्वेच्या जगात रूळ कधी निवृत्त होत नाही. तो कुंपण होतो, विजेचा खांब होतो, पन्हळी छपराची तुळई होतो.) एका बाजूला तीन पायऱ्यांची बैठक, तिच्या मधोमध पिंपळ उगवलेला. दक्षिणेकडचा गोल शाबूत, उत्तरेकडच्याचा आडवा पाइप कुणीतरी कापून नेलेला. मुले तेथे क्रिकेट खेळत होती आणि उरलेला एक खांब त्यांचा यष्टी झाला होता. मी नानांना विचारले, काळ्या मातीत पावसाळ्यात फुटबॉल खेळत कसे होता? खान्देशातल्या काळ्या जमिनीशी ज्याचा संबंध आला आहे त्यालाच ह्या प्रश्नाचे गांभीर्य कळेल. जुलैत त्या मातीत पाय घातला की बूट आत आणि पाय बाहेर, अशी गत होते.

नाना हसले नाहीत. काठी टेकत गोलच्या तोंडाशी गेले, काठीच्या टोकाने माती उकरू लागले आणि म्हणाले, 'खाली बस भाऊ, पाहा.'

चार बोटे मातीखाली राख होती. काळीकरडी, खरखरीत, मधूनमधून कोळशाचे न जळलेले खडे. लोको शेडमधली इंजिनाची राख. दर वर्षी मृगाच्या आधी रविवारी संघाचे लोक पाट्या आणि फावडी घेऊन शेडवर जात, इंजिनांच्या राखखड्यातली राख आणून दोन्ही गोलांच्या तोंडाशी आणि मैदानाच्या मधल्या पट्ट्यात पसरत, वरून रोलर फिरवत. पाणी खाली मुरून जाई. असे किती वर्षे केले, असे विचारल्यावर नाना म्हणाले, 'इंजिन धूर टाकत होतं तोवर.' वाफेची इंजिने गेली तशी राख गेली. विजेच्या इंजिनाला राख नसते. त्यानंतर पावसाळ्यात मैदान पिकाच्या शेतासारखे होऊ लागले, सामने हिवाळ्यावर ढकलले गेले, हिवाळ्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा असत, आणि मग...

त्या 'मग'च्या पुढे नाना काही बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही. परंतु मैदानाच्या मृत्यूचे इतके नेमके, इतके भौतिक कारण मला त्याआधी कुणी दिलेले नव्हते. एरवी आपण टीव्हीला दोष देतो, क्रिकेटला देतो, मोबाईलला देतो. ही कारणे खोटी नाहीत, पण ती हवेतली आहेत. नानांचे कारण मुठीत घेता येत होते. इंजिन बदलले आणि त्याच्या पोटातून बाहेर पडणारी एक टाकाऊ वस्तू मिळेनाशी झाली, म्हणून एक खेळ थांबला. कुणी तो बंद करा असे म्हटले नाही. कागदावर तर तो अजूनही चालू असेल.

मुंबईत हे सारे मोठ्या प्रमाणावर घडले, म्हणून त्याची थोडी तरी नोंद राहिली. तिथल्या संघांची नावे पाहा : टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे. गुर्निक आणि कोलेयाशच की! फरक असलाच तर इतका की आपल्याकडे धंद्याऐवजी मालकाचे नाव लागले. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळला होता. म्हणजे आशियातला ऑलिंपिकमधला पहिला हॅटट्रिकवीर एका कंपनीच्या हजेरीपटावर होता. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स कप २०००-०१ नंतर झाला नाही. २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० साली कंपनीने बरखास्त केला. तो हरत होता म्हणून नव्हे. खान्देशाकडे पाहिले तर जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, सगळ्यांचे भोंगे कधीच थांबलेले. त्यांच्या आवारांतून मी फिरलो आहे. पण तेथे मैदान कुठे होते आणि गोदाम कुठे, हे ओळखण्याइतकेही काही उरलेले नाही.

ह्या सगळ्याला छेद देणारे एक गाव महाराष्ट्रात आहे, आणि त्याचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. कोल्हापूर. तिथल्या संघांची नावे पाहिली की वेगळेपण तात्काळ डोळ्यांत भरते. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ. एकही मालक नाही, एकही खाते नाही. पेठा आणि तालमी. शाहू महाराजांनी १९१२ साली रोमच्या धर्तीवर खासबागेचे कुस्ती मैदान बांधले त्या गावात पुढे तालमींनीच फुटबॉल दत्तक घेतला, आणि घराघरांत तो बापाकडून मुलाकडे जाऊ लागला. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना मी पाहिला आहे. दगडी पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या आजोबांनी मला पहिल्या पाच मिनिटांत विचारले, 'पावनं, कुठल्या बाजूचं?' आणि मी कुणाच्याच नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो तुच्छतेचा नव्हता, काळजीचा होता. ह्या आपलेपणाला दुसरी बाजू आहे. हाणामाऱ्या होतात, सामने थांबवावे लागतात, प्रशासन डोळे वटारते. मात्र २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला आहे, आणि ते मैदान जिवंत आहे.

(पोलंडचा उल्लेख वर आलाच आहे, तर एक आडवळण. ह्याच कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ ह्या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, मुख्यतः स्त्रिया आणि मुले. सोव्हिएत छावण्यांतून सुटून आलेली. त्यांच्यातली काही मुले पुढे पोलंडला परतली आणि म्हातारपणी वळिवडे पाहायला पुन्हा आली. छावणीतले फारच थोडे उरले होते. तेही एका अर्थी आपल्यासारखेच, बालपणीची जागा शोधत आलेले लोक.)

तर मग निष्कर्ष असा काढावा का, की पेठेचे मैदान जगते आणि मालकाचे मरते? काही काळ मी तसे मानत होतो, मित्रांशी वादही घातला. आज मला ते पूर्णपणे पटत नाही, आणि ह्याचे कारण पुन्हा वडिलांचा संघ आहे.

पेठेचे मैदान पेठेचे असते. म्हणजे तेथे तुम्ही आधी कुणाचे तरी असावे लागता. वरणगावच्या वसाहतीतल्या संघात गोलरक्षक बौद्ध होता, दोन्ही हाफ मुसलमान, फॉरवर्डला दोन बंगाली आणि एक मल्याळी, मागे माझे लेवा पाटील वडील. हे अकरा जण एका माठातले पाणी एका पेल्याने पीत. आज ह्या वाक्याचे कुणाला काही वाटणार नाही. परंतु सत्तरच्या सुमाराला आमच्या मूळ गावात असा माठ नव्हता. वडिलांनी एकदा सामन्यानंतर त्या गोलरक्षकाला घरी नेले. आजोबांनी त्याला ओटीवर बसवले, विचारपूस केली, पाणीही दिले. पेला मात्र नंतर चुलीतल्या निखाऱ्यावर धरला गेला. वडिलांनी ते पाहिले. त्यानंतर किती तरी वर्षे ते सामन्याच्या दिवशी गावाकडे जेवायला गेले नाहीत. हे मला आईने सांगितले, वडिलांनी कधीच नाही.

मालकाच्या मर्जीचे मैदान हे कुणाचेच नव्हते, म्हणून ते ह्या अकरा जणांचे होऊ शकले. त्यालाही पायऱ्या होत्याच. अधिकाऱ्यांना खुर्च्या आणि सरबत, कामगार उभे. वसाहतीतल्या बायकांना तर मैदान म्हणजे क्वार्टरच्या दारातून ऐकू येणारा आरडाओरडा, आणि नंतर धुवायला येणारे चिखलाचे कपडे. आईचे फुटबॉलविषयीचे मत अद्याप चांगले नाही. हे सारे मान्य करूनही मला म्हणावेसे वाटते, की जे मोडले ते केवळ हिरवळ आणि दोन गोल नव्हते. ज्यांना गावात एकत्र उभे राहायला जागा नव्हती त्यांना नव्वद मिनिटे एका बाजूला उभे करणारी ती जागा होती. तशी दुसरी जागा गावाने अजून बांधलेली नाही. लग्नाचे लॉन झाले, मंगल कार्यालये झाली, ज्याच्या-त्याच्या समाजाची सभागृहे तर पुष्कळच झाली.

वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत तळाशी कापडात गुंडाळलेल्या नडगीपट्ट्या सापडल्या. बांबूच्या कांबी कापडी पट्टीत शिवलेल्या, नाड्या तुटलेल्या. उजव्या पट्टीतली एक कांब मधोमध चिरलेली आहे. तो घाव कुठल्या सामन्यातला, समोर कोण होते, सामना कसा सुटला, हे सांगणारे आता कुणी नाही. कारखान्यांचे जुने मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित झाले आणि कारखाने नव्या सरकारी कंपन्यांकडे गेले. वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे आणि भुसावळ यंत्र इंडियाकडे. संघांच्या नोंदी, ढाली, पेले ह्या कागदोपत्री कुठल्या यादीत बसतात ते मला माहीत नाही. गोळ्यांचा हिशेब मात्र एकेका नगापर्यंत ठेवला जातो.

आता त्या भागातल्या मैदानांवर पहाटे गेलात तर ती रिकामी दिसणार नाहीत, हेही सांगायला हवे. पहाटे पाचला, दिवे लागलेले असतानाच, पंधरा-वीस मुले आणि चारदोन मुली धावत असतात. भरतीची तयारी. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, आणि गोळाफेक. २०२२पासून अग्निवीरसाठीही सोळाशेच मीटर. मैदानाला किती फेऱ्या मारल्या म्हणजे सोळाशे होतात हे त्यांनी मोबाईलवर मोजून एका दगडावर चुन्याने लिहून ठेवले आहे. वडिलांना आधी नोकरी लागली, मग नोकरीने त्यांना मैदानावर नेले. ही मुले नोकरीसाठी मैदानावर आली आहेत, आणि नोकरी लागली की बहुतेक जण परत येणार नाहीत. नाही लागली आणि वयोमर्यादा उलटली, तरीही येणार नाहीत. ह्यांच्या धावण्यात समोर कुणी नसते, शेजारी कुणी नसते, असतो तो फक्त हातातला स्टॉपवॉच. तरी त्यांच्याविषयी कणव दाखवण्याचा अधिकार मला नाही. मैदान आज त्यांचे आहे, आणि गवत तुडवून ती जागा मोकळी ठेवण्याचे काम तेच करीत आहेत.

गेल्या श्रावणात भुसावळच्या त्या मैदानावर गेलो होतो. नाना आता घराबाहेर पडत नाहीत. पाऊस रात्रभर झाला होता आणि सगळीकडे पाणी साचले होते. मुले सवयीप्रमाणे कडेकडेने धावत होती, प्रत्येक पावलाला मातीचा गोळा बुटाला चिकटत होता. दक्षिणेच्या गोलासमोर आले की मात्र त्यांचा वेग वाढे. एका मुलीला मी विचारले, 'इथेच का गं जोरात पळता सगळे?' थांबायला तिला वेळ नव्हता. पुढच्या फेरीला जाता जाता ती म्हणाली, 'काका, इथं चिखल होतच नाही.' कारण तिला ठाऊक नव्हते, आणि फेऱ्या अजून दोन बाकी होत्या.